पासिंग दीड टन, माल अडीच

गाडी घ्यायची म्हणून सल्ला विचारायला पोरं माझ्याकडे येतात. बहुतेक विशी-पंचविशीतली. घरची द्राक्षबाग मोडलेली असते, नाहीतर कंपनीतलं कंत्राट संपलेलं असतं, आणि आता पिकअप घेऊन भाडी मारायची असं घरात ठरलेलं असतं. पहिला प्रश्न एकच : “काका, टाटा घेऊ का महिंद्रा?” मी उलट विचारतो, माल कोणता भरणार? फर्निचर, पाण्याचे जार, गॅसच्या टाक्या, की टोमॅटो? टोमॅटो म्हणाला की सांगतो, शोरूममध्ये गाडीच्या तोंडासमोर उभा राहू नको. मागे जा, चाकाजवळ उकिडवा बस आणि खाली बघ. पाटे किती, केवढ्या जाडीचे, हेल्पर पाटा आहे का, यू-बोल्ट कसे आहेत. टचस्क्रीन, मागचा कॅमेरा आणि सीटची कव्हरं यांचं नंतर बघू.

आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात पिकअपची परीक्षा टोमॅटोच्या हंगामात होते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल यायला लागला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते. इथे भाडं टनावर ठरत नाही, कॅरेटवर ठरतं. एका कॅरेटमध्ये वीस किलो टोमॅटो, कॅरेटचं वजन वेगळं. धरा बावीस किलो. दीड टन पासिंगच्या गाडीत हिशेबाने अडुसष्ट कॅरेट बसतात. अडुसष्ट कॅरेट घेऊन वाशीला गेलं तर डिझेल, टोल, वारई आणि दोन माणसांचं जेवण जाऊन हप्त्याला काही उरत नाही. म्हणून गाडीत शंभराच्या वर कॅरेट चढतात. एकशेपंधरा भरली की झाले अडीच टन. हे आम्हाला माहीत असतं, शेतकऱ्याला माहीत असतं, आडत्याला माहीत असतं. गाडी बनवणाऱ्यांनाही माहीत असतं, असं माझं कधीपासूनचं मत आहे. नाहीतर कागदावर दीड टन लिहिलेल्या गाडीला त्यांनी एवढी जाड चॅसी दिली नसती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून जादा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. दंड वाढला, पण कॅरेटवरचं भाडं काही टनावर आलं नाही. प्रत्यक्षात दंड माल पाठवणारा भरत नाही, गाडीवाला भरतो. त्यामुळे रस्त्यावर सगळं आहे तसंच आहे, फक्त गाडीवाले वजनकाट्याची जागा बघून वाट बदलतात.

नवी गाडी शोरूममधून निघाली की बरेच जण पूजा करून थेट पाटेवाल्याकडे नेतात. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, समोर जुन्या ट्रकच्या पाट्यांचा ढीग. तो आधी चॅसीखाली जॅक लावून मागचा भाग उचलतो, यू-बोल्टच्या नटांवर डिझेल मारतो आणि पान्याला लांब पाइप घालून अख्खं अंग टाकतो. नट कर्र करून सुटतात. सेंटर बोल्ट काढला की पाटे एकेक करून खाली येतात. जुनी गाडी असली तर दोन पाट्यांमध्ये मातीची आणि गंजाची पूड निघते, आणि खालच्या पाट्याचं टोक वरच्याला घासून तिथे नखाएवढी खाच पडलेली असते. पाटेवाला त्या खाचेवरून अंगठा फिरवतो आणि सांगतो, “हा गेलेला आहे, घाटात तुटेल.” जादा पाटा टाकायचा तर तो ठोकून त्याची कमान बाकीच्यांशी जुळवावी लागते. कमान कमी पडली तर पाटा नुसता बसून राहतो, जास्त झाली तर सगळा भार एकट्यावर घेतो आणि मधोमध तुटतो. हे मोजमाप कुठे लिहिलेलं नाही. पाटेवाला एक डोळा मिटून कडेने बघतो, तेवढंच. एवढं करून घेतल्यावर भरलेली गाडी सरळ उभी राहते, पण रिकामी गाडी खड्ड्यात अशी उडते की परत येताना कॅरेटच्या आवाजाने कान किटतात. कंपनीची वॉरंटी तिथेच संपते, ते वेगळं.

नाना, म्हणजे माझे वडील, यांच्या काळात गाडी हा विषय एवढा मोठा नव्हता, कारण गाडी एकच होती. गावातला माल घेऊन भाड्याची मॅटॅडोर निघायची आणि नाना तिच्यात भाजीवर बसून भायखळ्याला जायचे. तेव्हा मुंबईचं भाजी मार्केट तिथे होतं; फळं-भाजीपाला वाशीला गेला तो १९९६ साली, कांदा-बटाटा त्याच्या बराच आधी. मॅटॅडोर आकुर्डीच्या बजाज टेम्पोची, मूळ गाडी जर्मन. फिरोदियांनी १९५८ साली त्या जर्मन कंपनीची तीनचाकी इथे बनवायला सुरुवात केली होती, मॅटॅडोर त्यानंतरची. पुढे कंपनीने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही कुठल्याही बंद पाठीच्या गाडीला मॅटॅडोरच म्हणतात.

मग १९८६ साली टेल्कोची, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सची, ४०७ आली. तिची गोष्ट मला फार आवडते, कारण ती बाजारात उतरली तेव्हा समोर चार जपानी जोड्या उभ्या होत्या : डीसीएम टोयोटा, आल्विन निस्सान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. जपानी तंत्र, हलक्या गाड्या, डिझेल कमी पिणाऱ्या. टेल्कोकडे होती पिंपरीची फॅक्टरी आणि ट्रकचा अनुभव. दहा-पंधरा वर्षांत रस्त्यावर ४०७ दिसायला लागली आणि त्या चार जोड्यांमधली बरीच नावं पुसट झाली. नाना याचं कारण सांगायचे ते अगदी साधं : ४०७ बंद पडली तर सटाण्यालाही तिचा पार्ट मिळायचा, जपानी गाडीचा पार्ट मुंबईहून येईपर्यंत कोबी सडायचा. स्वराज माझदाची पुढे एसएमएल इसुझू झाली आणि २०२५ मध्ये महिंद्राने तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. ही बातमी वाचली तेव्हा नाना हवे होते असं वाटलं. त्यांना अशा उलथापालथी ऐकायला मजा यायची.

माझी पहिली गाडी छोटा हत्ती. तीही सेकंडहँड. टाटांनी ती २००५ साली काढली. गिरीश वाघ यांच्या टीमने आधी तीनचाकी चालवणाऱ्यांना गाठून विचारलं होतं की बाबांनो, तुम्हाला नेमकं काय हवं. ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, सोळा हॉर्सपॉवर, पाऊण टन माल, आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. आज या आकड्यांना पोरं हसतात. पण तोवर ज्याच्याकडे तीनचाकी होती त्याला हायवेवर ट्रकवाले मोजत नव्हते आणि गावात पाहुणे मुलगी देताना विचार करायचे. चार चाकं आली आणि त्याच माणसाला लोक शेठ म्हणायला लागले. माझं लग्न आधीच झालेलं होतं, त्यामुळे मला त्याचा उपयोग झाला नाही. इंजिन सीटखाली, त्यामुळे उन्हाळ्यात बूड भाजायचं. पण ती गाडी मी स्वतः उघडू शकत होतो. बेल्ट, फिल्टर, नोझल, काहीही असो, फिटर फोनवर सांगायचा आणि मी करायचो.

कसारा घाटाने आमच्यावर एक मेहेरबानी केलेली आहे. भरलेला माल नाशिककडून मुंबईकडे उताराने जातो आणि रिकामी कॅरेट घेऊन चढ चढायचा असतो. उलटं असतं तर सोळा हॉर्सपॉवरचं काही खरं नव्हतं. अर्थात उतारालाही अक्कल लागते. नवशिक्या ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, आणि अर्ध्या घाटात लायनरचा जळका वास यायला लागतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून इंजिनच्या जोरावर उतरवायची, ब्रेकला फक्त अधूनमधून हात लावायचा. आता जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आहे. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गेलं की घाट लागतच नाही. टोल जास्त पडतो. माल नाशिवंत असेल आणि भाव चढा असेल तर मी समृद्धीने पाठवतो, नाहीतर जुना रस्ता.

छोट्या हत्तीनंतर बोलेरो पिकअप घेतली. इथे मी जरा पक्षपाती आहे, हे आधीच सांगतो. नाशिकचा माणूस महिंद्राचा असतो. सातपूरची फॅक्टरी म्हणजे आमच्याकडे अर्ध्या घरांचा पगार. कुणाचा भाऊ तिथे पर्मनंट, कुणाचा मेहुणा कंत्राटावर. बोलेरो नाशकात बनते, त्यामुळे तिला नावं ठेवली तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडण होतं. पिंपरी-चिंचवडकडे गेलं की हेच सगळं टाटांच्या बाबतीत. पण पक्षपात बाजूला ठेवला तरी त्या गाडीत एक गोष्ट होती : ती जीपच्या घराण्यातली होती. महिंद्राने १९४७ पासून विलिस जीपचे सुटे भाग आणून इथे जोडायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून खेड्यातल्या फिटरच्या तीन पिढ्या त्या सांगाड्यावर शिकल्या. अडीच लिटरचं इंजिन, लांब हौदा, खाली उतरणारे फाळके. हमालाला कॅरेट खांद्यावरून सरळ हौद्यात सरकवता येतं, हात वर उचलावे लागत नाहीत. हौद्याची उंची हा मुद्दा गाडी घेणारा कधी विचारात घेत नाही आणि हमाल मात्र तीच बघून ठरवतो की आधी कोणाची गाडी भरायची.

सध्याची मोठी गाडी बीएस-६ची आहे. ती कोणत्या कंपनीची ते इथे लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते स्टँडवरचे सगळेच वेगवेगळ्या नावांनी सांगतात. एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-६ हवी असा नियम झाला. धूर कमी व्हावा म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर गाळणी आली. काजळी तिच्यात साठते आणि इंजिन चांगलं तापलं की जळून जाते. हायवेवर तासभर सलग गाडी पळाली तर हे आपोआप होतं, कळतही नाही. पण आमच्या गाडीचं अर्धं काम शिवारात असतं. या मळ्यात वीस कॅरेट, त्या मळ्यात तीस, मध्ये गाडी चालू ठेवून उभी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चिखलातून बाहेर. गाळणी तापायची कधी?

भर हंगामात माझ्या ड्रायव्हरचा फोन आला : “काका, पिवळा दिवा लागलाय आणि गाडी उचल खात नाही.” गाडी भरलेली, घोटीच्या अलीकडे. नेहमीचे फिटर मामा मोटारसायकलवरून पोचले, बॉनेट उघडून बघितलं आणि परत लावलं. सगळं आयुष्य डिझेल इंजिनं खोललेला माणूस. म्हणाले, “याला लॅपटॉप लावावा लागेल, माझ्याकडे नाही.” सर्व्हिस सेंटरला फोन केला तर सकाळी या म्हणाले. टोमॅटोला सकाळ नसते. दुसरी गाडी बोलावून भर रस्त्यात माल पलटी केला. कॅरेट उतरवून पुन्हा चढवली, हमाली दुप्पट, आणि वाशीला पोचेपर्यंत पहिला बाजार झालेला. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये एका मुलाने वायर लावली, काहीतरी दाबलं, इंजिन उभ्या गाडीत मोठ्याने रेस होत राहिलं आणि दिवा गेला. पुढे मामांनी तशी वायर आणि मशीन स्वतःच्या पैशाने घेतलं. त्यात चूक काय ते दिसतं, पण काही गोष्टी त्या मशीनला करता येत नाहीत. त्यांना कंपनीचा पासवर्ड लागतो.

तरीही जुन्या गाड्या बऱ्या होत्या असं मी म्हणणार नाही. वाशीच्या गेटबाहेर रात्री रांगेत उभं राहून ज्याने जुन्या डिझेलचा धूर खाल्लाय, त्याला विचारा. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. हमालांची छाती तर बघवत नव्हती. माझी तक्रार गाळणीबद्दल नाही. चाळीस वर्षं या कंपन्यांचा धंदा ज्यांच्या जिवावर चालला, ते गावोगावचे फिटर या नव्या गाडीतून बाहेर ढकलले गेले, ही आहे. नाना जपानी गाड्यांबद्दल जे बोलायचे, तेच आता आपल्या गाड्यांबद्दल बोलायची पाळी येते की काय, असं वाटतं. पार्ट मिळतो हो, पण तो बसवल्यावर गाडीला त्याची ओळख करून द्यायला परत लॅपटॉपच लागतो.

माझा भाचा मिशिगनला असतो. त्याने तिथे पिकअप घेतली, फोर्डची, आणि फोटो पाठवला. हौदा असा चकचकीत की त्यात जेवायला बसावं. आत काय, तर मुलाची सायकल. मी विचारलं, माल काय भरतोस? म्हणाला, मामा, इथे ऑफिसला घेऊन जातात. तिकडेही फोर्डवाले आणि शेव्हरोलेवाले आपल्यासारखेच भांडतात म्हणे. त्याच्याकडूनच कळलं की अमेरिकेत बाहेरच्या पिकअपवर १९६४ सालापासून २५ टक्के कर आहे, मूळ भांडण युरोपशी, आणि तेही कोंबड्यांवरून. महिंद्रानेही मध्यंतरी तिकडे पिकअप विकायची तयारी केली होती, ते काही जमलं नाही. इकडे टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली, किंमत तीस लाखांच्या घरात. वाइनरीच्या पार्किंगमध्ये एकदा जवळून बघितली. गाडी उत्तम आहे. तिच्या पैशात आपल्या तीन पिकअप येतात आणि कॅरेट मात्र निम्म्यानेही मावत नाहीत.

कंपनीबद्दल खरं मत काय हे स्टँडवरच्या गप्पांतून कळत नाही, जुन्या गाडीच्या भावावरून कळतं. सात वर्षं राबलेली गाडी कोण किती पैशाला मागतो? दलाल बॉनेट उघडण्याआधी चॅसीला हात लावून बघतात, वेल्डिंगचा डाग सापडला की वीस-पंचवीस हजार कमी. २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणून सगळे खूश, पण जुनी विकायला काढलेल्यांचं तोंड उतरलं. आमच्यातल्या एकाने त्याच वर्षी श्रावणात नवी गाडी घेतली होती. तो अजून त्या विषयावर बोलत नाही.

घरी हिशेबाची वही बायकोकडे असते. डिझेल, टायर, ग्रीसिंग, पासिंग, विमा, पाटे, सगळं गाडीवार. माझी टाटा-महिंद्राची चर्चा सुरू झाली की ती म्हणते, “अहो, कंपनीचं मला सांगू नका, वही बघा.” वहीत असं दिसतं की ज्या गाडीवर ड्रायव्हर एकच टिकला तिचा खर्च कमी आहे, आणि जिच्यावर ड्रायव्हर बदलत राहिले तिचे क्लच, टायर आणि पाटे दुप्पट लागलेत. कंपनीचा संबंध त्यानंतर. ड्रायव्हर मिळणं हाच आता मोठा प्रश्न आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं असा निकाल दिला, तेव्हा कुठे विमा कंपन्यांशी लायसन्सवरून होणारी कटकट जरा कमी झाली.

गेल्या हंगामात एका कंपनीची सर्व्हेवाली पोरं मार्केटला आली होती. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. टचस्क्रीन किती इंचाची आवडेल, मोबाइलवरून गाडी कुठे आहे ते बघायला आवडेल का, रंग कोणता. मी म्हटलं, पोरा, माझं लिहून घे. हौदा इंचभर खाली आण. ताडपत्रीचे हुक वेल्डिंगचे नकोत, बोल्टचे दे, म्हणजे तुटले तर बदलता येतात. केबिनमध्ये दोन माणसं आडवी होतील एवढी जागा कर, वाशीला रात्र काढावी लागते. शिवारात काम करणाऱ्या गाडीची गाळणी ड्रायव्हरला स्वतः बटण दाबून साफ करता आली पाहिजे. आणि तालुक्याच्या फिटरला ट्रेनिंग आणि मशीन दे, त्याचे पैसे घे हवं तर. त्याने हौद्याचं आणि हुकाचं लिहून घेतलं. बटणाचं काही गाड्यांत आहे म्हणाला, बघतो. फिटरच्या मुद्द्याला त्याच्या टॅबमध्ये रकाना नव्हता. तो शेवटी “इतर”मध्ये टाकला आणि मला एक टोपी देऊन पुढच्या गाडीकडे गेला.

आता आणखी एक गाडी घ्यायची आहे. दोन्ही कंपन्यांची कोटेशनं आणली आहेत, मुलगा सीएनजी घेऊ म्हणतो, मला घाटासाठी डिझेलच हवी आहे. बायको म्हणते, आधी ड्रायव्हर शोधा. टोमॅटोचा भाव दिवाळीपर्यंत टिकला तर बुकिंग करू.